डिबगरला हात लावू नका

प्रोग्राम चालता चालता कोसळला की डिबगर, म्हणजे प्रोग्राम थांबवून आतली चूक शोधायचं हत्यार, उघडायची घाई करू नका. आधी सर्व्हर बंद करून चालू करा. मग पावसावर ढकला. पणजीत जून ते सप्टेंबर 'लाईट गेली होती' एवढं म्हटलं की साहेबही मान डोलावतात. तेही नाही खपलं तर कोडभर प्रिंट पेरा: 'इथे आलो', 'इथेपण आलो', 'कुठे आलो?' पडदा भरला की कामही भरपूर झाल्यासारखं दिसतं.

डिबगर मुळात चोंबडा. आमच्याकडचा जीडीबी 1986 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला; इतकी वर्षं चहाड्या करून थकलेला नाही. ब्रेकपॉइंट, म्हणजे 'इथे थांब' अशी खूण, लावला की जीडीबी त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट काढून स्वतःचा ठेवतो (इंटेलच्या प्रोसेसरवर सीसी हा खास बाइट), आणि त्यावर पाय पडला की प्रोग्राम जागीच थिजतो. मग बॅकट्रेस मागा: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं, अख्खी वंशावळ हजर! एखादं व्हेरिएबल (किंमत साठवायचा डबा) गुपचूप कोण बदलतं ते पकडायला वॉचपॉइंट. इंटेलच्या चिपमध्ये अशा पहारेकऱ्यांना जागा चारच, पण आपली अब्रू जायला एक पुरतो.

तरी हौस असेलच तर ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कोडची काटछाट) पूर्ण चढवून कंपाइल करा. मग बरीचशी व्हेरिएबलं विचारली की 'ऑप्टिमाइझ्ड आउट' एवढंच उत्तर येतं.

किंवा माझ्यासारखं करा. भर दुपारी ग्राहकांच्या चालत्या सर्व्हरलाच डिबगर जोडा आणि जेवायला घरी जा. जोडताक्षणी प्रोग्राम थांबतो, 'कंटिन्यू' म्हणेपर्यंत हलत नाही, हे मला ठाऊक होतं हो. पण घरी बांगड्याचं हुमण होतं. परतलो तेव्हा चोडणची फेरीबोट मांडवीत मधोमध बंद पडावी तसे सगळे ग्राहक लटकलेले.

थ्रेडांच्या (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतली चूक असेल तर तुमचं नशीब थोर. डिबगरखाली वेळेचं गणित बदलतं, आणि इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग बसतो तशी ती चूक हाताची घडी घालून बसते. लगेच 'माझ्या मशीनवर चालतं' लिहून तिकीट बंद करा.

सगळंच फसलं तर कौल आहे: मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि कोणती गळते त्यावरून देवाचं उत्तर ओळखायचं. देवाला कशाला त्रास? मीटिंगच्या खोलीतल्या फळ्यावर दोन चिकटचिठ्ठ्या लावा. पावसाळी दमटपणात पाकळ्यांपेक्षा लवकर गळतात. उजवी गळाली तर चूक डेटाबेसवाल्यांची, डावी गळाली तर नेटवर्कवाल्यांची. आपल्या नावाची चिठ्ठी लावायचीच नाही.