तसंच अजून एक सांगा ना

आमच्या सोसायटीत प्रत्येक कामाला एकेक माणूस ठरलेला आहे. आयकराचं काही अडलं की बी विंगमधले सीए. पोराला खोकला झाला की पहिल्या मजल्यावरच्या होमिओपॅथीवाल्या वहिनी. टँकर मागवायचा तर सेक्रेटरी, आणि सेक्रेटरींशी भांडायचं तर माजी सेक्रेटरी. मी बँकेत गृहकर्ज विभागात आहे. पण व्याजदर कधी उतरणार, हे मला आजवर एकाही शेजाऱ्याने विचारलेलं नाही. मला विचारतात कोरियन मालिका.

याला लॉकडाऊन जबाबदार. लेकीच्या नादाने बघायला बसलो. लेक पुढे हॉस्टेलला गेली, मी तिथेच बसून राहिलो. बायकोने ही बातमी भिशीत फोडली आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या हॉलमध्ये मला गाठून लोक म्हणतात, "ते क्रॅश लँडिंग संपलं हो. तसंच अजून एक सांगा ना." एका तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या पानावरून एक मामी हळूच पुटपुटल्या, "बिझनेस प्रपोजल झालं. आता?" मी पुरणपोळी खाली ठेवली आणि 'किंग द लँड' सांगितलं. समोर वाढणाऱ्या यजमानांना वाटलं, मी गेलेल्या माणसाबद्दल काही बोलतोय.

आता 'तसंच' सांगणं वरवर सोपं आहे. कोरियन प्रेमकथांची वळणं ठरलेली असतात आणि ती सगळ्यांना पाठ असतात. नायक मोठ्या उद्योगसमूहाचा वारस. नायिकेच्या डोक्यावर वडिलांचं कर्ज. पाऊस आला की छत्री एकच आणि तीही तिच्याच बाजूला कललेली. ती सोजू पिऊन पडते आणि तो तिला पाठुंगळी घेऊन चढाची गल्ली चढतो. सोलमध्ये सपाट गल्लीत राहणारी नायिका मी अजून पाहिलेली नाही. एकाला ताप येतो, दुसरा कपाळावर ओलं फडकं ठेवतो. लहानपणी दोघं एकदा भेटलेले असतात, फक्त दोघांना ते आठवत नसतं. चौदाव्या भागात कोणीतरी कोणाच्या तरी भल्यासाठी निघून जातं. पंधराव्यात ट्रक येतो. सोळाव्यात सगळं ठीक.

या हिशेबाने मी सुरुवातीला अगदी शिस्तीत कामाला लागलो होतो. करारावरचं लग्न आवडलं? मग २००४ चं 'फुल हाऊस' घ्या, पाठोपाठ २००५ चं 'माय नेम इज किम साम-सून', त्यात लग्नाऐवजी प्रेमाचं नाटक करायचा करार आहे. 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' मी मात्र कोणालाही, कशावरही उतारा म्हणून देतो. त्यातला नायक घराचे हप्ते फिटावेत म्हणून भाडेकरू शोधतो आणि सोयीचं पडेल म्हणून तिच्याशीच लग्न करतो. त्याचं खरं प्रेम दोनच गोष्टींवर, मांजर आणि मासिक हप्ता. माझ्या खात्याला जागतिक कलाकृतीत एवढा मान दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

स्मृतिभ्रंश हवा? २००२ चं 'विंटर सोनाटा'. गेलेला प्रियकर दुसऱ्याच नावाने परत येतो आणि त्याला काही आठवत नाही. जपानमधल्या बायका या नायकासाठी वेड्या झाल्या होत्या, त्याला आदराने 'योन-सामा' म्हणायच्या. आमच्या सासूबाईंनी दोन भाग पाहून सांगितलं, "हे आमच्या साडेसातच्या मालिकेत झालंय. तिथे तर त्याचा चेहराही बदलला होता."

हे सगळं कोष्टक पहिल्यांदा कोसळलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकूंना 'क्रॅश लँडिंग ऑन यू' अतोनात आवडलं होतं. दक्षिण कोरियातली श्रीमंत नायिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमेपलीकडे उत्तर कोरियात थेट एका सैन्याधिकाऱ्याच्या अंगावर पडते. पुढे त्यातले नायक-नायिका ह्यून बिन आणि सन ये-जिन या दोघांनी २०२२ मध्ये खरोखरच लग्न केलं, त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. मी विचार केला, सैन्याधिकारी, कर्तबगार नायिका, परकी भूमी. २०१६ चं 'डिसेंडंट्स ऑफ द सन' बिनचूक बसतं. कॅप्टन आहे, डॉक्टरीण आहे, उरुक नावाचा काल्पनिक देश आहे, वर भूकंपही आहे. आणखी काय पाहिजे?

आठवड्याने काकू जिन्यात भेटल्या. चेहरा पडलेला. "छान आहे रे. पण त्यात त्या बायका नाहीत."

"कोणत्या बायका?"

"अरे, गावातल्या! त्याच्या घरासमोरच्या."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. काकूंनी ती सबंध मालिका त्या लष्करी वसाहतीतल्या चार बायकांसाठी पाहिली होती. नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे एकमेकींशी बोलणाऱ्या, सगळ्यांनी मिळून किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालणाऱ्या, नवीन आलेल्या बाईच्या घरात काय काय आहे ते बघायला काहीतरी निमित्त काढून येणाऱ्या. दिवे गेले की सगळं गाव अंधारात, आगगाडी मध्येच बंद पडली की माणसं माळावर शेकोट्या पेटवून रात्र काढतात. ह्यून बिन अधूनमधून येतो, ते काकू चालवून घेत होत्या.

मग मी 'रिप्लाय १९८८' दिलं. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच पोरं. पहिल्याच भागात प्रत्येक आई पोराच्या हातात वाटी देऊन शेजारी पाठवते, शेजारीण रिकामी वाटी परत पाठवत नाही, आणि जेवायची वेळ होते तोवर प्रत्येकाच्या ताटात चारही घरचं पोचलेलं असतं. या मालिकेत सैन्य नाही, वारस नाही, उत्तर कोरिया नाही. क्रॅश लँडिंगशी काडीचं साम्य नाही. काकू दुसऱ्या दिवशी दारात उभ्या. "अगदी तसंच आहे रे!"

तेव्हापासून मी 'कोणती मालिका आवडली' हा प्रश्न विचारणंच सोडलं. त्यातून काही कळत नाही. माणसं एक मालिका लावतात आणि तिच्यात भलतीच पाहत बसतात. मी आता विचारतो, चहा टाकायला कोणत्या प्रसंगाला उठलात? दोघं समुद्रकिनारी एकमेकांकडे बघत असताना उठला असाल तर तुम्हाला प्रेमकथा नकोच आहे. तुम्हाला कार्यालयीन राजकारण हवं आहे आणि तुम्ही ते स्वतःशी कबूल करत नाही.

सासूबाईंचं निदान याच पद्धतीने झालं. त्यांना 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' दाखवलं होतं, २००९ चं, पंचवीस भाग. लाँड्रीवाल्याची मुलगी, श्रीमंत कुरळ्या केसांचा उर्मट मुलगा, आणि मधे त्याची आई, जी मुलीला पळवून लावण्यासाठी पैशापासून धमकीपर्यंत सगळं करते. बाकीच्या बायका त्या आईला शिव्या घालतात. सासूबाई मात्र ती पडद्यावर आली की सरसावून बसत. "तिचं काय चुकलं? एकुलता एक मुलगा आहे. एवढा व्याप सांभाळायचा आणि घरात कोण येतंय ते बघायचंही नाही?" मी जावई. माझ्या लग्नाच्या वेळची बोलणी मला आठवत होती, म्हणून गप्प बसलो. त्यांना मी 'समथिंग इन द रेन' दिलं. त्यात नायिकेची आई मुलाच्या घरची परिस्थिती काढून इतकं बोलते की प्रेक्षक हात जोडतात. सासूबाईंनी तो भाग दोनदा पाहिला. सकाळच्या मालिकेत एका सासूने जावयाच्या थोबाडीत किमचीचा अख्खा गड्डा मारला होता, २०१४ मध्ये, असं मी एकदा बोलून गेलो. आता त्या अधूनमधून "ते लोणच्याचं कुठे मिळेल?" असं विचारतात.

त्यांची तक्रार एकच. सोळा भागांत संपतं. "संपलं? असं कसं संपलं? मुलं व्हायची आहेत, वाटण्या व्हायच्या आहेत."

वयाच्या बाबतीत मात्र त्या काटेकोर. 'गोब्लिन'मधला नायक नऊशेहून अधिक वर्षं जगतोय, छातीत तलवार रुतलेली आहे आणि ती फक्त त्याच्या नवरीलाच उपसता येणार आहे. नवरी शाळेत शिकते, वय एकोणीस. तलवार, यमदूत, पुनर्जन्म, सगळं त्यांनी विनातक्रार स्वीकारलं. "पण अंतर फार आहे." मग 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' काढलं. त्यातला नायक परग्रहावरून १६०९ मध्ये, जोसन राजवटीच्या काळात, कोरियात उतरलेला आणि नायिका आजची चित्रपटतारका. त्या म्हणाल्या, "हे चारशे. हे बरं."

मेव्हणीचं दुखणं वेगळं, तिला दरवेळी दुसरा नायक आवडतो. म्हणजे ज्याला नायिका मिळत नाही तो. २०२० च्या 'स्टार्ट-अप'ने ती खचली होती. लहानपणी एकाकी मुलीला पत्रं लिहिली हान जी-प्योंगने, आजीच्या सांगण्यावरून, आणि खाली नाव टाकलं वर्तमानपत्रात वाचलेल्या दुसऱ्याच मुलाचं. पुढे ती प्रेमात पडते ते नाववाल्याच्या. आठवडाभर मेव्हणीने आमच्या साडूशी बोलणं टाकलं, त्याचं नावही कुठल्या पत्राखाली नव्हतं तरी. माझ्या मते माझ्या आयुष्यातली सर्वांत अचूक शिफारस मी तेव्हा केली. 'होमटाउन चा-चा-चा'. तोच नट, किम सॉन-हो, पुढच्याच वर्षी, आणि या वेळी पहिला नायक. समुद्रकाठच्या गावात तो नळ दुरुस्त करतो, मासे विकतो, कॉफी करतो, आणि कुठल्याही कामाचे सरकारी किमान वेतनाने तासावर पैसे घेतो. नायिका त्यालाच मिळते. मेव्हणी शांत झाली. आता ती आमच्या प्लंबरकडे अपेक्षेने बघते, त्याला मात्र माझा इलाज नाही.

सगळ्याच शिफारशी अशा लागू पडल्या असत्या तर मी बँक सोडली असती. 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'वरून आमच्या शाखेत दोन तट पडले. १९९८ चं आर्थिक संकट, तलवारबाजी शिकणारी शाळकरी मुलगी, घरदार बुडालेला मुलगा, आणि इतकं गोड प्रेम की ठेवी विभागातल्या मॅडम जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचं विसरायच्या. शेवटी ती दोघं एकत्र येत नाहीत. सोमवारी मॅडमनी माझ्या टेबलावर फाइल आपटली. "आधी सांगायचं ना!"

माझं म्हणणं होतं आणि आजही आहे की सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. पहिल्याच भागात नायिकेची मुलगी दिसते, तिचं आडनाव किम. नायकाचं आडनाव बेक. कोरियात मुलं बापाचं आडनाव लावतात. सोयरीक म्हटली की ज्या समाजात पहिला प्रश्न आडनावाचा असतो, त्या समाजातल्या सुशिक्षित बाईंना सोळा भाग हे दिसू नये? मॅडम म्हणाल्या, तिकडे सगळेच किम असतात. यात तथ्य आहे. दर पाचांत साधारण एक किम निघतो. पण उरलेल्या चारांतले आपण बेक धरून चालायचं आणि दोष मला द्यायचा, हे कुठल्या नियमात बसतं? महिनाभर माझी रजा मंजूर होऊन आली ती लाल शाईत.

कधीकधी शिफारस घराबाहेर पडते आणि खर्चात घालते. चौथ्या मजल्यावरचं जोडपं युरोपच्या सहलीला निघालं होतं. वहिनींनी सहल कंपनीकडे हट्ट धरला, स्वित्झर्लंडमध्ये इझेल्टवाल्डला थांबायचंच. ब्रिएंझ तळ्याकाठचं टीचभर गाव. तिथल्या लाकडी धक्क्यावर 'क्रॅश लँडिंग'मधला सैन्याधिकारी, कॅप्टन री, पियानो वाजवतो आणि नायिकेला तो बोटीतून ऐकू येतो. लहानपणीच्या भेटीचं हे मोठेपणीचं रूप. त्या धक्क्यावर इतकी गर्दी लोटली की गावाने तिथे फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक लावले. वहिनींच्या यजमानांनी परत आल्यावर मला लिफ्टमध्ये अडवलं. "दोघांचे दहा फ्रँक. पियानो नाही. काही नाही. लाकूड आहे." मी म्हटलं, तळं तर होतं? ते सातव्या मजल्यापर्यंत बोलले नाहीत. राहतात चौथ्यावर.

आता पुरुषांचेही फोन येऊ लागलेत, पण फार गुप्तपणे. पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे काका, काकूंचे यजमान, निवृत्त अभियंता. गॅलरीत उभे राहून आधी पावसाबद्दल बोलले, मग सोसायटीच्या गळतीबद्दल, मग म्हणाले, "ही बघते ना, ते मी येता-जाता पाहतो. वाईट नसतं. पण मला प्रेमप्रकरण नको. रडारड नको. छत्र्या नकोत. खाणंपिणं चालेल. आणि पटकन संपायला नको."

मी 'डे जांग गुम' सांगितलं. २००३ मध्ये सुरू झालेलं, चोपन्न भाग, राजवाड्यातलं स्वयंपाकघर. मुदपाकखान्यात वाढणारी मुलगी पुढे राजाची वैद्य होते. प्रेम आहे, पण इतकं सभ्य की काकांना ते लक्षातही आलं नसतं. "काकूंना सांगू नकोस," म्हणाले.

दहा दिवसांनी काकूंचाच फोन आला. आवाज चढलेला.

"ह्यांना काय दिलंस तू?"

त्यातली छोटी जांग-गुम पदार्थ चाखून त्यात पर्सिमन हे फळ आहे हे ओळखते, कारण चव पर्सिमनची लागते. काकांनी हे मनावर घेतलं होतं. रोज जेवायला बसले की आमटीचा घोट घेऊन डोळे मिटत. मग जाहीर करत, "आज आमसूल नाही, चिंच आहे." बायकोने चाळीस वर्षं काय घातलं याची पहिल्यांदाच चौकशी चालू होती. भेंडीत ओवा कशाला, असं विचारून झालं होतं. परवा शेजारणीकडून आलेल्या वाटीतली उसळ चाखून त्यांनी ती शेजारणीची नसून तिच्या बहिणीची आहे, असा निर्वाळा दिला होता, आणि तो खरा निघाला होता.

"अजून किती भाग आहेत त्याचे?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, चोपन्नातले बावीस झालेत म्हणे.

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग काकू म्हणाल्या, "त्यांना एखादं मारामारीचं सांग."