दोष एकट्या चीनचा नाही

अमेरिकेतले कारखाने चीनने बुडवले, हे लेखातलं म्हणणं अर्धंच खरं आहे. २००० ते २०१० या काळात तिथल्या ५० लाखांहून अधिक कारखानी नोकऱ्या गेल्या, त्यात चिनी मालाचा वाटा मोठाच. पण मी अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात राहतो. इथल्या यंग्जटाउनची कॅम्पबेल पोलाद गिरणी बंद होणार हे जाहीर झालं १९ सप्टेंबर १९७७ला, सोमवारी. सुमारे ५,००० जणांची रोजी गेली. चीन जागतिक व्यापार संघटनेत आला २००१मध्ये! १९६९मध्ये गिरणी घेणाऱ्या जहाज कंपनीने नव्या भट्ट्यांत पुरेसा पैसा घातलाच नाही, हे कुणी बोलत नाही. माझ्या शेजारच्या आजोबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात त्या गिरणीतल्या लॉकरची किल्ली अजून आहे.