सात पॉइंट अडतीस म्हणजे कितला टक्का?

निकालाच्या दिवशी खान्देशात प्रश्न ठरलेला: ‘कितला टक्का पडनात रे भाऊ?’ आणि हातातल्या कॉलेजच्या गुणपत्रिकेवर टक्के सोडून सगळं असतं. ओ, ए प्लस, क्रेडिट, एसजीपीए (म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी). भरीत पार्टीला बोलावून वांगी, मिरची, कांद्याची पात वेगवेगळी हातात ठेवावी, तसा प्रकार.

एसजीपीएचं गणित सोपं आहे. घात करते ती शाळेतली सवय. ग्रेडच्या अक्षरामागे दहापैकी जे पॉइंट असतात, त्यांची बेरीज करायची आणि विषयांनी भागायचं! कापूसवाल्या बापाला असं फसवून दाखवा. समजा 40 क्विंटल 7000च्या भावाने गेला आणि 2 क्विंटल फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचा हलका कापूस, 5000ने. सरासरी 6000 सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तो आधी काट्यावर चढवेल. खरी सरासरी 6905 च्या आसपास. क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, हा क्विंटल, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव.

आता कागद घ्या. चार-चार क्रेडिटचे तीन विषय, पॉइंट 8, 7 आणि 5. दोन-दोन क्रेडिटचे दोन, पॉइंट 10 आणि 9. गुणाकार 32, 28, 20, 20, 18, बेरीज 118. भागिले क्रेडिट 16, म्हणजे 7.38. शाळेच्या पद्धतीने 7.8 येतात, आणि तेच घरी आधी कळवलेले असतात.

5 पॉइंटवाला विषय उडाला तर पॉइंट शून्य, पण त्याचे चार क्रेडिट खालून हलत नाहीत. 98 भागिले 16, 6.13. नापास विषय खालून गुपचूप वगळणारे हुशार दर वर्गात दोन तरी असतात.

सीजीपीएतही, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीतही, तीच गोम. पहिलं सेमिस्टर 20 क्रेडिटचं, 8. दुसरं 24 चं, 6. उत्तर 7 नाही. 160 अधिक 144, भागिले 44: 6.91. दोन्हींचे क्रेडिट सारखे असतील तरच सरळ सरासरी चालते.

राहिले टक्के. 9.5 ने गुणायचं हे सूत्र सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीचं होतं. ते लावलं तर 7.38 चे 70.1 होतात. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, सूत्राने 0.75 वजा करून दहाने गुणलं, तर 66.3. फॉर्मवर आपल्या विद्यापीठाचंच सूत्र लावायचं. ते बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, आणि झेरॉक्स आपण फक्त पुढच्या बाजूची काढतो.