मैत्रिणीचं बाळ, तिची बाटली आणि माझं नाक

पोस्ट मोठी झालीये, आधीच सांगते. आणि जिच्याबद्दल लिहितेय तिला विचारूनच लिहितेय. तिने वाचलं आणि म्हणाली, "टाक खुशाल, पण तू स्वतःला फारच शहाणी दाखवलीयेस". म्हणून मी दोन परिच्छेद उडवले.

तर माझी एक मैत्रीण, पंधरा-सोळा वर्षांची मैत्री. तिला मुलगी झाली तेव्हा माझा मुलगा अडीच वर्षांचा होता, म्हणजे मी या विषयातली अगदी ताजी पदवीधर. मी त्याला अंगावर पाजलं होतं आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता, कारण पहिले तीन आठवडे रडत-कढत काढून मग जमलं होतं आणि असं रडत-कढत जमलेल्या गोष्टीचा माणसाला जरा जास्तच माज येतो.

तिचं दूध पुरत नव्हतं. दर दोन तासांनी पाजणं, मग पंप, मग परत पाजणं, रात्र नाही दिवस नाही, आणि तरी बाळाचं जन्माचं वजन दोन आठवड्यांनीसुद्धा भरून निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनीच फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं पावडरचं दूध, चालू करायला सांगितला. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी बाळ बघायला गेले, ओट्यावर तो डबा दिसला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, इतक्यात हार मानलीस?"

टाईप करतानाही कसंतरी होतंय मला. ती काही बोलली नाही, बाटली हलवत होती ती हलवतच राहिली. दूध कधीच मिसळून झालं होतं, तरी हलवत राहिली.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली. पुढचे दोन-अडीच महिने तिला लिंका पाठवत राहिले. आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध म्हणते, वर पाणीसुद्धा नको म्हणते, आणि मग वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, सगळं खरंच आहे. पण हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ज्या बाईने दूध येण्यासाठी जिवाचं रान केलंय तिला आईच्या दुधाचे फायदे सांगायचे, म्हणजे पाय मोडलेल्याला जिने चढण्याचे फायदे सांगण्यातला प्रकार.

शिवाय मला बाळ बारीक वाटायचं. माझा मुलगा गुटगुटीत होता, मांड्यांना वळ्या पडायच्या, आणि माझ्या डोक्यात बाळ म्हणजे तसंच दिसायला हवं. तिच्या डॉक्टरांनी तिला चार्ट समजावून सांगितला होता आणि तिने मला. आता बहुतेक ठिकाणी वापरतात ते वाढीचे तक्ते २००६ साली आले, सहा देशांतल्या निरोगी मुलांची मापं घेऊन बनवलेले, आणि त्यात शंभरातली तीन निरोगी मुलं सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली असणारच, तो हिशोबच तसा आहे. बाळ कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपली रेषा धरून वर जातंय का हे बघायचं. तिची मुलगी खालच्या बाजूला होती पण रेषा धरून होती, दिवसाला सहा-सात डायपर ओले होत होते, हसत होती, पाय झाडत होती. मी "हो का, बरं बरं" म्हणाले आणि मनात म्हटलं, तरी बारीकच दिसते बाई.

आता मुद्द्यावर येते. मुलगी साडेतीन महिन्यांची असताना मी एक संध्याकाळ तिच्याकडे होते. ती आंघोळीला गेली, बाळ रडायला लागलं, आतून ओरडली की तूच बनव ना गं बाटली. मी डबा हातात घेऊन आधी मागचं वाचलं, कारण मला कुठे सवय होती. ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा. मी १५० मिली पाणी घेतलं, पाच चमचे टाकले. ती केस पुसत बाहेर आली, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं पाच नको, तीनच टाकते मी हल्ली. शी घट्ट होते तिला, फार कुंथते. एक काकू म्हणाल्या दूध पातळ कर." आणि मी बनवलेलं दूध सिंकमध्ये ओतून १५० मिलीला तीन चमच्यांचं नवीन बनवलं. बाळाने घटाघटा संपवलं आणि रिकामं बूच चोखत बसलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं की हे बरोबर नाही. नेमकं काय होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण पाचाच्या जागी तीन म्हणजे बाळाला मिळणारं अन्न जवळजवळ निम्म्यावर आलं, एवढं गणित तर येतं मला. तरी मी गप्प बसले. का, तर "हार मानलीस" बोलून झालं होतं, लिंका पाठवून झाल्या होत्या, आता परत तोंड उघडलं तर ही मला दारातूनच परत पाठवेल असं वाटलं.

घरी येऊन वाचलं आणि पोटात गोळा आला. पातळ दुधाने वजन अडतं हे तर झालंच, पण एवढ्या लहान बाळाची किडनी जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाही, मग रक्तातलं सोडियम खाली जातं, बाळ मलूल होतं, आणि फारच खाली गेलं तर झटकेसुद्धा येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आत नुसतं पाणी पाजू नका म्हणतात त्यामागेही हेच कारण, शिवाय पोट पाण्याने भरतं आणि दूध राहून जातं.

मग मी काय केलं? फोन केला? नाही. मी अजून एक लिंक पाठवली. खाली "सहज वाचनात आलं" असं लिहून. तिने अंगठा टाकला. टाकणारच ना! माझ्याकडून आलेली ती तिसावी का चाळिसावी लिंक असेल, तिने आधीच्या कुठे उघडल्या होत्या की ही उघडेल. आधीच्या सगळ्या नुसतं ज्ञान पाजळायला पाठवलेल्या होत्या आणि ही एक खरंच तिच्या बाळाच्या कामाची होती, पण बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

आठ दिवस गेले असे. नवव्या दिवशी रात्री मला झोपच येईना तेव्हा फोन केला. म्हटलं, तू फॉर्म्युला देतेस यावर मी जे काय बोलले त्याबद्दल सॉरी, तो विषय वेगळा, पण चमचे कमी टाकतेस ते आत्ताच्या आत्ता थांबव, आणि उद्या डॉक्टरकडे जा. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुला त्या दिवशीच कळलं होतं?" मी हो म्हणाले. "मग आठ दिवस काय करत होतीस?"

याला काय उत्तर देणार.

दुसऱ्या दिवशी वजन केलं. आधीच्या वजनापासून अडीच आठवड्यांत ७० ग्रॅम वाढलं होतं, त्या वयात आठवड्यालाच शंभरच्या वर वाढायला हवं. रक्त तपासलं, सोडियम ठीक निघालं. नशीब. आणि शी घट्ट का होत होती माहितीये? ती आधी चमचा डब्यात दाबून दाबून भरायची, वर सपाट न करता. म्हणजे पहिल्यापासून दूध जरुरीपेक्षा घट्ट होत होतं, त्याने बाळ कुंथत होतं, आणि ते दुरुस्त करायला म्हणून पुढे ते पाणीदार झालं. डॉक्टरांनी फक्त चमचा सैल भरून सुरीच्या पाठीने सपाट करायला शिकवलं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर, डब्यावर लिहिलंय तेवढीच. दोन आठवड्यांत गाडी रुळावर.

यावर मी खूप विचार केलाय आणि माझं मत जरा लोकांना आवडणार नाही असं आहे. हल्ली फॅशन आहे की दुसऱ्याच्या बाळाबद्दल काही बोलूच नये, प्रत्येक आईला आपलं बाळ कळतं, नो जजमेंट वगैरे. ऐकायला छान वाटतं. पण मी जे आठ दिवस गप्प बसले ते काय तिच्या भल्यासाठी नव्हते, मला वाईटपणा नको होता म्हणून होते. आणि त्याआधी जे तीन महिने बोलत होते तेही तिच्यासाठी नव्हतंच.

आता मी काय करते, तर बाटली की अंगावर, वाटी-चमचा की बाळाच्या हातात तुकडा, किती वाजता, किती वेळा, बाळ जाडं की बारीक, यावर तोंड बंद. कोणी विचारलं तरच. पण वर्षाच्या आतल्या बाळाला कोणी मध चाटवताना दिसलं तर मी आठ-आठ दिवस वाट बघत नाही की लिंक शोधत नाही. मधात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणारा आजार) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते एवढ्याशा आतड्यात रुजतात, मध उकळला तरी ते मरत नाहीत. तसंच उशीच्या आधाराने बाटली तोंडात लावून बाळाला एकटं सोडणं, लहान मुलाच्या हातात अख्खं द्राक्ष किंवा अख्खा शेंगदाणा देणं. असं काही दिसलं की त्या बाळाच्या आईला बाजूला घेऊन, एकदाच, सरळ सांगते. राग आला तर आला.

आणि हो, माझा आवेश कमी व्हायला अजून एक गोष्ट कारणीभूत आहे. शेंगदाण्याचीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ मध्ये धोका असलेल्या ६४० बाळांवरचा अभ्यास छापून आला आणि त्यात निघालं की वर्षाच्या आत शेंगदाणा चाखायला सुरुवात केलेल्या मुलांत ती ॲलर्जी कितीतरी कमी झाली. (अख्खे दाणे नाही, वाटून, पातळ करून. आणि एक्झिमा (त्वचेवर येणारी खाज आणि पुरळ) जोरात असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर.) म्हणजे २००५ साली माझ्यासारखीच एखादी, माझ्याच आवेशात, आपल्या मैत्रिणीला म्हणत असेल, "अगं शेंगदाणे काय देतेस, वेडी आहेस का?" आणि तिच्याकडेही सगळ्या लिंका खऱ्याच असतील.

मुलगी आता दहा महिन्यांची आहे. अजूनही खालच्याच रेषेवर आहे आणि अजूनही रेषा सोडलेली नाही. परवा गेले होते तर हातात केळ्याचा तुकडा घेऊन स्वतः खात होती, निम्मं कानात. मध्येच तोंड लाल झालं, ओकारी काढल्यासारखं केलं, डोळ्यांत पाणी. मी खुर्चीतून उठलेसुद्धा. मैत्रीण जागची हलली नाही. म्हणाली, "बस खाली. आवाज येतोय ना? खोकतेय ना? मग ती बघेल तिचं ती. आवाज बंद झाला तर मी आधी उडी मारेन." आणि खरंच, पोरीने तुकडा जिभेने बाहेर ढकलला, बघितला, परत तोंडात घातला.

मी बसले. आतल्या खोलीत माझा मुलगा जेवत होता, म्हणजे मोबाईल बघत होता आणि माझा नवरा त्याच्या तोंडात घास घालत होता. मैत्रिणीने तिकडे मान वळवली आणि म्हणाली, "हा मोबाईलशिवाय एक घास खात नाही हे मी किती दिवस बघतेय. बोलले का कधी?"

मी म्हटलं, बोलायचंस ना मग.

"आता बोलतेय की."

मोबाईल अजून पूर्ण सुटलेला नाही. रात्रीच्या जेवणाला बंद केलाय, दुपारचं बघू.