कॉर्व्हेटला हरवलं म्हणून ग्रँड नॅशनल बंद पाडली? काहीही हं!

ग्रँड नॅशनल म्हणजे ब्युइक रीगल या अमेरिकन गाडीची 80 च्या दशकातली वेगवान आवृत्ती. त्या काळ्याकुट्ट गाडीचा फोटो आणि खाली लांबलचक मजकूर, हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेलच. त्यात लिहिलंय की जीएमच्या (जनरल मोटर्स, ब्युइकची मालक कंपनी) काही इंजिनियरांनी वरच्यांना न सांगता म्हाताऱ्यांच्या गाडीत टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवला, ही अमेरिकेतली पहिली टर्बो गाडी, तिने जीएमच्याच स्पोर्ट्स कारला, कॉर्व्हेटला धूळ चारली, मग साहेबांचा इगो दुखावला आणि फक्त 547 गाड्या निघाल्यावर त्यांनी ती बंद पाडली. गाडी माझी पण लाडकी आहे आणि म्हणूनच डोकं फिरतं, खरी गोष्ट एवढी भारी असताना वरून ही फोडणी कशाला?

"पहिली टर्बो" हे आधी निकालात काढू. 1962 मध्येच ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेवरोले कोर्व्हेअर मोन्झा स्पायडर टर्बो लावून विकायला होत्या, आणि दोन्ही जीएमच्याच घरातल्या. विषय संपला.

आता "वरच्यांना न सांगता". अरे, 1976 च्या इंडियानापोलिस 500 रेसला पेस कार (सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी) कोणती होती? ब्युइक सेंच्युरी, टर्बो व्ही6 वाली (व्ही आकारात दोन रांगांत सहा सिलेंडर). अख्ख्या रेसच्या पुढे जी गाडी पळवली ती गुपित कशी असेल? 1978 पासून तर रीगल आणि लेसेबरमध्ये टर्बो सरळ शोरूममध्ये मिळत होता, तोही कार्ब्युरेटरवाला, टू बॅरलला (हवेच्या दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरला) 150 हॉर्सपॉवर आणि फोर बॅरलला 165, म्हणजे फार काही आग नव्हती.

मला खरी मजा वाटते ती या इंजिनाच्या कुंडलीची, आणि नेमकी तीच फॉरवर्डमध्ये नाही. 1962 च्या ब्युइक स्पेशलमध्ये हा व्ही6 आला, 198 क्युबिक इंचाचा, व्ही8 च्या मापावरून काढलेला, म्हणून सिलेंडरच्या दोन रांगांमधला कोन 90 अंशांचाच राहिला जो सहा सिलेंडरला नीट जुळत नाही, त्यामुळे एका सिलेंडरचं फायरिंग (पेट्रोल पेटणं) क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, 90 अंश फिरल्यावर तर पुढचं 150 वर आणि न्यूट्रलला गाडी थरथरणार. पेट्रोल स्वस्त होतं, व्ही8 असताना हे कोणाला हवंय, म्हणून 1967 मध्ये जीएमने सगळं टूलिंगच (इंजिन बनवायची यंत्रसामग्री) कैसर जीपला विकून टाकलं, जिच्या गाड्यांत हे इंजिन आधीपासूनच डॉन्टलेस नावाने धावत होतं. मग 1973 चं तेलसंकट आलं, मायलेज मायलेज सुरू झालं, आणि 1974 मध्ये जीएमने विकलेली भांडी परत विकत आणली! तोवर 225 क्युबिक इंचांचं झालेलं हे इंजिन बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवून 231 क्युबिक इंच केलं, तेच आपलं 3.8 लिटर. 1977 मध्ये क्रँकच्या पिना (जिथे पिस्टनचे दांडे जोडतात) दुभंगून 30 अंश सरकवल्या, फायरिंग समान अंतरावर आलं आणि थरथर गेली. म्हणजे ज्याला भंगारात काढल्यासारखं विकलं होतं त्याच्यावरच पुढे टर्बो चढला.

547 चा आकडा खरा आहे, पण तो जीएनएक्सचा, म्हणजे ग्रँड नॅशनलच्या खास आवृत्तीचा. 1987 मध्ये एएससी आणि मॅक्लारेन या बाहेरच्या कंपन्यांकडून वेगळ्या करून घेतलेल्या त्या गाड्या, कागदावर 276 हॉर्सपॉवर. साधी ग्रँड नॅशनल त्या एकाच वर्षी 20,193 निघाली, आदल्या वर्षी 5,512. आणि गंमत म्हणजे 1982 ची पहिली ग्रँड नॅशनल काळी नव्हतीच, चंदेरी-करडी होती आणि बहुतेकींत टर्बोसुद्धा नव्हता. काळा रंग, टर्बो आणि फ्युएल इंजेक्शन हे सगळं 1984 ला एकत्र आलं, 200 हॉर्सपॉवर. 1986 ला इंटरकूलर लागला, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करून आत सोडायची, थंड हवा दाट असते, जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि आकडा सरळ 235 वर गेला.

कॉर्व्हेटचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. 1987 ला ग्रँड नॅशनल 245 हॉर्सपॉवर आणि कॉर्व्हेट 240, हे जीएमने स्वतःच छापलेले आकडे, लपवायचं असतं तर छापले असते का? सिग्नलवर डाव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायचा, उजव्याने हळूहळू ॲक्सिलरेटर, बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) काटा हलला की ब्रेक सोडायचा, मग सरळ रस्त्यावर ही पुढे. पण पहिलं वळण येऊ द्या. मागे ड्रम ब्रेक, वेगळ्या चॅसीवरची जुनी बॉडी, गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिक. तिथे कॉर्व्हेटच.

बंद का झाली? कारण 1988 ची नवी रीगल फ्रंट व्हील ड्राइव्ह झाली आणि जुना रिअर व्हील ड्राइव्ह सांगाडाच संपला. उलट मागणी एवढी होती की नवं मॉडेल आलेलं असतानाही जुनी ग्रँड नॅशनल डिसेंबर 1987 पर्यंत बनवत राहिले. खुन्नस असलेला साहेब असं करतो होय? आणि 1989 ला हाच टर्बो व्ही6 जीएमच्याच पाँटिॲकच्या ट्रान्स ॲम गाडीत टाकला, 1,555 गाड्या, आणि त्या वर्षी इंडियानापोलिसला पेस कार म्हणून पुढे धावली ती हीच ट्रान्स ॲम.