चार खेळींत मात? काळा चुकला तर!

शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की लातुरात पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. "बुद्धिबळाचा लातूर पॅटर्न! दुसऱ्या खेळीत वजीर बाहेर, मग उंट, चौथ्या खेळीत मात. ग्रँडमास्टरही हेच खेळतात. सुरुवात पाठ, डाव खिशात." यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातल्या दोघांची पोरं माझ्याकडंच शिकतात!

चौथ्या खेळीत मात होते, खोटं नाही. पटावर उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना १ ते ८ आकडे. आधी दोन्हीकडची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढं. मग पांढऱ्याचा वजीर एच-५ वर, उंट सी-४ वर, दोघांचा डोळा काळ्याच्या एफ-७ च्या प्याद्यावर. त्याला राजाशिवाय कुणाचा जोर, म्हणजे राखण, नाही. काळ्याकडून खेळणारा चौथीतला एक जण इथंच घोडा एफ-६ वर ठेवतो. का रे? "वजिराला हाकलायलो की, सर!" वजीर हलतो खरा, पण थेट एफ-७ वर. मात.

त्याऐवजी जी-६ ला प्यादं सरकवायचं. वजीर एफ-३ वर येऊन परत तीच धमकी देतो, तेव्हा घोडा एफ-६. संपलं. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याची जागा अडवून बसलेला. फक्त क्रम चुकवू नका: दुसऱ्या खेळीत आधी घोडा सी-६. तिथंच जी-६ केलं, तर वजीर ई-५ चं प्यादं मारून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती जातो.

शिवाय स्पर्धा स्विस पद्धतीची. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी. तिसऱ्या फेरीत समोरच्या पोराला हे सगळं ठाऊक असतं.

ग्रँडमास्टरांचं म्हणाल, तर २००५ मध्ये अमेरिकेचा ग्रँडमास्टर नाकामुरानं आपल्या ग्रँडमास्टर शशिकिरणविरुद्ध दुसऱ्याच खेळीत वजीर एच-५ वर नेला होता. शशिकिरणनं वरचंच उत्तर दिलं. नाकामुरा हरला. मेसेजमध्ये हे नाही.

"डाव खिशात" तर सोडाच. डिसेंबर २०२४, सिंगापूर, आपला गुकेश आणि चीनचा डिंग यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. सुरुवात कुठल्या कुठं मागं पडलेली. पंचावन्नाव्या खेळीत डिंगनं हत्ती चुकीच्या घरात नेला, हत्ती आणि उंट मारामारीत गेले, पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली आणि गुकेश जगज्जेता झाला.

आणि लातूर पॅटर्नला कशाला मधे ओढता? तिथं पोरं सराव परीक्षा देऊन देऊन घासून निघायची. समोरचा चुकेल म्हणून बसायची नाहीत.