क्रूझवाला फॉरवर्ड आणि मावशीची लॅमिनेटवाली फाइल

मावशीचा फोन सकाळी साडेसातला आला की समजायचं, एकतर कुणीतरी गेलंय नाहीतर व्हॉट्सअॅपवर काहीतरी आलंय. यावेळी दुसरं होतं. बँकेतून रिटायर झालेल्या आठ जणांचा ग्रुप, अथेन्सच्या पिरेयस बंदरातून ग्रीक बेटांची क्रूझ बुक केलेली, पैसे भरून झालेले, आणि त्यात हा फॉरवर्ड: कोविशील्ड युरोपात बॅन झालीय, बूस्टरशिवाय जहाजावर चढू देत नाहीत, ४८ तासांच्या आतली आरटीपीसीआर सक्तीची आहे, आणि शेवटी तोच माणूस म्हणतो की लस घेतलेल्यांनाही जहाजावर कोरोना झालाच ना, मग हे सगळं थोतांड. आधी घाबरवायचं, मग थोतांड म्हणायचं, एकाच मेसेजमध्ये. बऱ्याच ग्रुपवर फिरतोय म्हणून एकेक घेते.

कोविशील्ड बॅन. नाही हो. जुलै २०२१ मध्ये युरोपियन युनियनचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट, म्हणजे प्रवासात दाखवायचा लशीचा दाखला, सुरू झालं तेव्हा त्यांच्या औषध नियामकाची, म्हणजे ईएमएची, मंजुरी अॅस्ट्राझेनेकाच्या व्हॅक्सझेव्हरियाला होती, आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या कोविशील्डला नव्हती. लस तीच, कारखाना वेगळा, आणि मंजुरी देताना कारखानाही बघतात. मंजुरी नसणं आणि बंदी असणं यात फरक आहे. शिवाय डब्ल्यूएचओच्या यादीतली लस चालवायची की नाही हे प्रत्येक देशाच्या हातात होतं, कोविशील्ड त्या यादीत फेब्रुवारी २०२१ पासून होती, त्यामुळे जर्मनी, स्पेन, ग्रीस, स्वित्झर्लंड यांनी त्याच उन्हाळ्यात ती चालवून घेतली. मग 'बॅन' आलं कुठून? मे २०२४ मध्ये अॅस्ट्राझेनेकाने स्वतःच व्हॅक्सझेव्हरियाचं युरोपातलं लायसन परत केलं, कारण नव्या लशी आल्या आणि हिला मागणी उरली नाही असं कंपनीचं म्हणणं. त्याच सुमारास इंग्लंडच्या कोर्टातल्या केसमुळे रक्ताच्या गुठळ्यांच्या बातम्या चालू होत्या, लोकांनी दोन्ही एकत्र शिजवलं. गुठळ्यांचा दुष्परिणाम खरा आहे, क्वचित होतो, आणि २०२१ पासून माहीत आहे. पण लायसन परत केलं म्हणून तुमच्या दंडात २०२१ मध्ये गेलेला डोस कोणी बंदरावर तपासत नाही.

बूस्टर. हे अर्धं खरं होतं, एके काळी, आणि तेव्हा आपल्या लोकांची चांगलीच पंचाईत झालेली. १ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपने दोन डोसांना २७० दिवसांची मुदत लावली, त्यानंतर बूस्टर हवा, आणि स्पेनने तर हा नियम बाहेरून येणाऱ्या टुरिस्टांनाही लावला. आता हिशोब करा, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने दुसरा डोस जून २०२१ मध्ये घेतला असेल तर मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि आपल्याकडे सरसकट अठराच्या वरच्यांना तिसरा डोस मिळायला लागला १० एप्रिलपासून, तोही पैसे भरून. म्हणजे लस घ्यायची तयारी असूनही माणूस अडकला. पण ग्रीसने मे २०२२ मध्येच सर्टिफिकेट बघणं बंद केलं, स्पेनने ऑक्टोबरात, आणि तो युरोपियन सर्टिफिकेटचा कायदाच ३० जून २०२३ ला संपला. मोठ्या क्रूझ कंपन्यांनीही त्याच काळात आपापल्या अटी काढल्या.

४८ तासांची आरटीपीसीआर हा पण त्याच जुन्या जमान्यातला तुकडा. खरं तर जहाजं परत चालू झाली तीच मुळी टेस्टच्या जोरावर, लस यायच्या आधी. ऑगस्ट २०२० मध्ये एमएससी ग्रँडिओसा जेनोआहून निघालं तेव्हा प्रत्येक पॅसेंजरचा स्वॅब टर्मिनलवरच घेतला, आणि बंदरात उतरायचं तर फक्त कंपनीच्या टूरबरोबर. नेपल्सला एक कुटुंब टूर सोडून आपलं आपलं फिरायला गेलं, त्यांना परत जहाजावर घेतलंच नाही. इथेच फॉरवर्डवाल्याचा घोळ आहे, देशाचा नियम वेगळा आणि जहाजाचा वेगळा, तेव्हाही आणि आताही, आणि त्याने सगळ्याची एकच खिचडी केलीय.

'लस घेऊनही झालाच'. झालाच की, कोण नाही म्हणतंय? २०२२ च्या नवीन वर्षाला मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियावर ६६ जण पॉझिटिव्ह निघाले, मुरगावला जहाज अडकून पडलं. ओमिक्रॉन लस घेतलेल्यांनाही होत होता. पण जहाजाला भीती सर्दीची नसते, भीती असते ती भर समुद्रात कुणाला ऑक्सिजन लागण्याची. जहाजावरचा दवाखाना केवढासा, त्यात चार-पाच म्हातारी माणसं एकदम सीरियस झाली तर? लसविरहित जमान्यातलं डायमंड प्रिन्सेस आठवा, फेब्रुवारी २०२०, योकोहामा, ३,७११ माणसं, त्यात ७०० च्या वर पॉझिटिव्ह, डझनभर गेली. आपले १३८ भारतीय त्यावर होते, बहुतेक सगळे क्रू, म्हणजे केबिनमधल्या पाहुण्यांना ताटं पोचवणारे. दोन्हींची सरळ तुलना करू नका, विषाणूचं रूपही बदललं होतं, पण लशीची अट कशासाठी होती ते कळेल.

आता फॉरवर्डमध्ये जे नाही ते बघा, कारण अडवतं ते हेच. मावशीचं जहाज मध्ये तुर्कस्तानात कुशादासीला लागतं, म्हणजे शेंगेनच्या, एकाच विजावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर गेलात, परत ग्रीसमध्ये शिरायला सिंगल एन्ट्री विजा पुरत नाही, मल्टिपल हवा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. जहाज सेनेगलच्या डाकारपर्यंत जाणार असेल तर यलो फीवरची लस निदान दहा दिवस आधी, नाहीतर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आणि बोर्डिंगच्या आधी फॉर्म भरून घेतील, उलटी-जुलाब आहेत का म्हणून, तो नोरोव्हायरससाठी. त्याला सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबणाने हात धुवायचे.

हे सगळं मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं पण आम्ही आठ जणांची आरटीपीसीआर बुक केलीय, घरी येऊन घेणारेत." मी म्हटलं कॅन्सल कर. मग हळूच विचारते, कोविनचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलंय ते तरी राहू दे ना. राहू दे म्हटलं, पण आधी विजावर किती एन्ट्री लिहिल्यात ते बघ. चष्मा आणायला गेलीय.